एक्समूरचं रानमांस आणि माझा शनिवार

पन्नासाव्या वाढदिवसाला सकाळी गार्गीनं माझ्या चहाच्या कपाखाली एक पाकीट सरकवून ठेवलं. गार्गी आमची एकुलती एक. इंग्लंडातल्या रीडिंगमध्येच जन्मली, इथंच शिकली. जानेवारीत तिची ॲबर्डीनला नोकरी सुरू होणार होती, म्हणजे इंग्लंड संपून स्कॉटलंडही बरंचसं संपल्यावर जे गाव येतं तिथं. पाकिटात एका शेतावरच्या कोर्सचं बुकिंग होतं. एक्समूर नावाच्या माळरानावर दोन दिवस राहायचं आणि रानातलं मांस साफ कसं करायचं, शिजवायचं कसं, खायचं कसं, ते शिकायचं. नावं दोनच, तिचं आणि माझं.

"तू सांगतोस ना बाबा, तुझ्या गावाला लहानपणी लोकं ससाचा रस्सा करायचे," ती म्हणाली. "इथे लीगल आहे. आणि मी गेल्यावर तू वीकेंडला फक्त लॅपटॉप घेऊन बसणार. सो आपण दोघं जाऊया."

कागदावर तारखेच्या आधी वार छापला होता. शनिवार आणि रविवार.

मी शनिवार पाळतो. उपास नाही, पण त्या दिवशी मांस-मच्छी, अंडं काही खात नाही. दहावीच्या गणिताच्या पेपराआधी गावच्या मारुतीला रुईच्या पानांची माळ घालून तसं बोललो होतो. पास झालो आणि शब्द पाळत राहिलो. माण तालुक्यातल्या गावातून पुणं, पुण्यातून रीडिंग, नोकऱ्या चार बदलल्या, घरं तीन बदलली, शनिवार तेवढा तोच राहिला. त्याचा कधी गाजावाजा केला नाही. घरी शनिवारी खिचडी किंवा पिठलं आणि रविवारी चिकन, एवढंच त्याचं रूप.

गार्गी कामाला गेल्यावर सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, शनिवार आहे की."

"बघितलं."

"मला विचारलं होतं तिनं. बाबांचा शनिवार असतो ना, म्हणून. मी म्हटलं, असतो की. तरी कसं केलं पोरीनं? सांगू का तिला?"

"नको," मी म्हणालो.

तिला ठाऊक होतं आणि तरी तिनं तोच दिवस घेतला, हे मनाला लागलं. रागावण्यासारखं काही नव्हतं. इथं वाढलेली मुलगी, बापाच्या गावचा मारुती तिनं दोनदा पाहिलेला. तिच्या लेखी एक शनिवार म्हणजे काय? पण ती दोन महिन्यांत जाणार होती, आणि जाण्याआधी तिनं माझ्यासाठी मागितलेले हे दोन दिवस होते. खाल्लं तर पस्तीस वर्षांचा शब्द मोडणार, नाही खाल्लं तर तिचं मन. तिथं गेल्यावर बघू, असं ठरवून मी बॅग भरायला घेतली.

शुक्रवारी निघालो. तुम्ही जाणार असाल तर एक सांगतो, शुक्रवारी सकाळी नऊच्या आत रीडिंग सोडा. आम्ही अकराला निघालो आणि एम-फोर सोडून एम-फाइव्हला लागताना ब्रिस्टलपाशी तास गेला. ब्रिजवॉटरला मोटरवे सोडला की रस्ता एकपदरी होतो आणि गाडी चालवण्यात मजा येऊ लागते. डन्स्टर नावाच्या जुन्या गावात थांबलो. पार्किंगचं मशीन नाणी घेतं, कार्डावर रुसतं, तेव्हा सुटे पौंड जवळ ठेवा. गावाच्या मधोमध लोकरीच्या बाजारासाठी बांधलेली एक आठ कोनांची छत्री आहे. तिच्याखाली उभं राहून आम्ही गरम पेस्टी खाल्ली, म्हणजे आत सारण भरून भाजलेली तळहाताएवढी करंजी. मी मटणाची घेणार होतो, तर गार्गीनं हात धरला.

"नाही बाबा, चीज-कांदा घे. मीट उद्यासाठी ठेव. उद्या तुला खूप भूक लागला पाहिजे."

मी चीज-कांदा घेतली.

डन्स्टरपुढं रस्ते इतके अरुंद की दोन्हीकडची झुडपं आरशांना घासतात. समोरून ट्रॅक्टर आला तर मागं तुम्हीच जायचं, हा इथला नियम कुठं लिहिलेला नाही, पण ट्रॅक्टरवाल्याच्या चेहऱ्यावर वाचता येतो. वर चढून आलो आणि एकदम माळ उघडा पडला. नोव्हेंबरात इथलं नेच्याचं रान तांबूस तपकिरी होतं. आमच्या माणदेशाचा माळ कोणी महिनाभर पाण्यात भिजत घालावा तसं दिसत होतं. काच खाली केली तर दरीतून नर हरणाची हाक आली. घोगरी, लांब, रेडा डुरकल्यासारखी. गार्गीनं इंजिन बंद करायला सांगितलं. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत ते ऐकत बसलो आणि दोघांपैकी कोणीही फोन काढला नाही. तसाही तिथं सिग्नल नव्हता. शेतावर वायफाय होतं, तेही फक्त स्वयंपाकघरात.

शनिवारी सकाळी दहाला आम्ही सहाजण त्या स्वयंपाकघरात गोळा झालो. शिकवणाऱ्या बाईंचं नाव रोझ. सत्तरीला टेकलेल्या, कोपरांवर रफू केलेला स्वेटर, हातांची बोटं सुतारासारखी. भिंतीला चोवीस तास पेटलेली लोखंडी चूल, तिच्यापुढं म्हातारा कुत्रा. रोझबाईंनी प्रत्येकाला एक एप्रन दिला. खिशात स्टीलचा चमचा होता.

"पुस्तक मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "हा चमचा हेच पुस्तक. बुडवा, चाखा, धुवा, पुन्हा बुडवा. संध्याकाळी मी चमचे तपासते."

मी खिशावर हात ठेवला. गार्गी माझ्याकडं बघून हसत होती.

आधी आम्हाला मागच्या थंड खोलीत नेलं. एक हरणी आणि दोरीला जोडीजोडीनं टांगलेले फेजंट. फेजंट म्हणजे तितराचा थोरला भाऊ समजा, नराच्या मानेवर हिरवा-निळा मोरासारखा रंग. रानातलं मांस असं काही दिवस थंडीत टांगून ठेवतात, त्यानं ते मऊ पडतं आणि चव खुलते. हरणीसमोर माझे हात आपोआप जोडले गेले. रोझबाईंनी ते पाहिलं. "आमचा रानाचा राखणदार अशा वेळी टोपी काढतो," एवढंच म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

माझ्या शेजारी कीथ होते, टाँटनचे, बस चालवून निवृत्त झालेले. त्यांची अडचण वेगळी होती. शेजारी बंदूकवाला, आणि सीझन सुरू झाला की तो यांच्या दाराच्या मुठीला फेजंटची जोडी अडकवून जातो. इकडची ती भेट द्यायची रीत.

"बायको म्हणाली, एक तर हे शिजवायला शीक, नाहीतर घर बदलू," कीथ म्हणाले. "कोर्स स्वस्त पडला."

फेजंटची पिसं उपटत बसायची गरज नाही, हे मला नवीन होतं. छातीपाशी छोटी चीर द्यायची, आत बोटं घालायची आणि स्वेटर काढावा तशी कातडी पिसांसकट उतरवायची. मला वाटलं गार्गी तोंड फिरवेल. तिनं माझ्याआधी दोन उतरवले आणि तिसरा कीथना दाखवायला घेतला. मग मांसात बोट फिरवून छर्रे शोधायचे. शिशाचा तो बारीक दाणा दाताखाली आला तर दात जातो आणि पोटात गेलेलाही बरा नाही, म्हणून हे काम घाईनं करू नका.

रोझबाईंनी सांगितलेलं थोडक्यात लिहून ठेवतो. रानातला प्राणी पळतो, त्याच्या अंगावर चरबी नसते. आपण बोकडाचं मटण शिजवतो तसा पाठीचा तुकडा शिजवत बसलात तर चप्पल होईल. हरणाचं पाठीचं मांस कडक तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं, मग तेवढाच वेळ झाकून नुसतं ठेवायचं, आत गुलाबी राहू द्यायचं. मांडी, खांदा मात्र मंद आचेवर तीन तास. फेजंट पूर्ण शिजलाच पाहिजे, पण छाती पटकन शिजते आणि पायांना वेळ लागतो, म्हणून दोन्ही वेगळे करायचे. छातीला लोणी लावायचं, पाय रश्शात घालायचे.

दुपारी प्रत्येकानं आपापला पदार्थ करायचा होता. मी फेजंटचे पाय घेतले. गार्गीनं पिशवीतून हळूच एक डबी काढली. सुनंदाचा काळा मसाला आणि सुक्या खोबऱ्याची वाटी. ही तयारी आठवडाभर माझ्या पाठीमागं चालली होती. कांदा-खोबरं चुलीच्या तव्यावर काळपट भाजलं, वाटलं, आणि मसाला तेलात पडल्यावर रोझबाईंचा कुत्रा सलग चार वेळा शिंकून बाहेर निघून गेला.

"पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं ही चूल सोडली," रोझबाई म्हणाल्या. त्यांना त्याचा आनंदच झाला होता.

शिजवण्यात मला अडचण वाटली नाही. माझी आई सोमवार पाळायची, आणि सोमवारी पाहुणा आला तर मटण रांधून त्याला वाढायची, स्वतः ठेचा-भाकरी खायची. जत्रेला देवाचा नैवेद्यही ती न चाखताच करायची, कारण देवाआधी आपण चाखत नाही. मीठ ती मुठीच्या अंदाजानं टाकायची आणि मग पातेल्यावर वाकून वास घ्यायची. मिठाला वास नसतो, पण आईला यायचा. मीही पातेल्यावर वाकलो. मला फक्त काळ्या मसाल्याचा वास आला, आणि आईच्या चुलीचा. मीठ मुठीनं टाकलं.

"चाखलंस?" रोझबाई मागून म्हणाल्या.

"जरा मुरू दे," मी म्हणालो.

तासाभरानं पुन्हा आल्या. "आता?"

"अजून थोडं."

साडेचारला त्यांनी ओळीनं चमचे मागितले. कीथचा चमचा चुलीतून काढल्यासारखा काळा होता. गार्गीच्या चमच्याला लोणी. माझा कोरडा, सकाळी दिला तसा. रोझबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"पन्नास वर्षं स्वयंपाक करतेय," त्या म्हणाल्या. "असा चमचा पाहिला नव्हता."

सगळे हसले, गार्गी सोडून.

मग मोठं टेबल मांडलं. सगळ्यांचे पदार्थ मधोमध. गार्गीनं माझ्या ताटात आधी माझाच रस्सा वाढला, शेजारी तिनं केलेला हरणाचा तुकडा ठेवला, गुलाबी, कडा खरपूस. मग ती माझ्याकडं बघत बसली. हात ताटाकडं गेला आणि तिथंच थांबला. खाऊन टाकावं असं खरंच वाटलं. मारुती समजून घेईल, तो लहान मनाचा देव नाही. पण घास उचलवेना.

"पोट जरा जड आहे," मी म्हणालो.

शनिवार पाळण्यासाठी शनिवारीच खोटं बोललो.

"सकाळी तर पोट ठीक होता," गार्गी हळू आवाजात म्हणाली. "आणि तू एकदा पण टेस्ट नाही केलास. तुला यायचाच नव्हता ना बाबा? मला सांगायचं मग. मी कीथसोबत आले असते."

ती विनोद करायला गेली आणि तिचा आवाज फाटला. कीथनी आपलं नाव ऐकून वर पाहिलं आणि सभ्यपणानं पुन्हा ताटात पाहिलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं ताटांचा फोटो आईला पाठवला होता, त्याचं उत्तर. तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"'मस्त दिसतंय. बाबांना काय दिलं जेवायला? आज त्यांचा शनिवार ना.'" तिनं माझ्याकडं पाहिलं. "हो, तुझा शनिवार आहे, म्हणून तर हाच बुक केला. आईला विचारून. आई म्हणाली, बाबांचा शनिवार असतो."

"बरोबर सांगितलं तिनं," मी म्हणालो.

"मग? तुझा दिवस. तुझा सुट्टी. आई नेहमी सांगते ना, आज बाबांचा शनिवार आहे, त्यांना त्रास देऊ नको. म्हणजे बाबांचा दिवस. तुला पाहिजे ते करायचं."

मला क्षणभर कळेना, मग कळलं. बावीस वर्षं ही पोर ते वाक्य ऐकत होती आणि बावीस वर्षं तिनं त्याचा अर्थ असा लावला होता. शनिवार बाबांचा आहे. त्यांच्या मालकीचा. तिनं माझा शनिवार मोडायला घेतला नव्हता. तो माझ्या सगळ्यात आवडीचा दिवस समजून तिनं तो मला भेट दिला होता.

मी तिला मारुतीचं सांगितलं, रुईच्या माळेचं, गणिताच्या पेपराचं. ती डोळे पुसत हसायला लागली.

"फॉर मॅथ्स?" ती म्हणाली. "पस्तीस वर्षं? बाबा, किती मार्क पडले होते?"

"एक्केचाळीस."

"फॉर्टी-वन साठी एवढं कोण देतं?"

तिनंच उठून रोझबाईंना समजावलं. त्यांनी माझं ताट उचलून एका डब्यात रिकामं केलं आणि झाकण लावलं.

"माझी आई शुक्रवारी मांसाला शिवायची नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी शुक्रवारी बटाटा असायचा. आणि हा रस्सा तसाही उद्याच खायचा असतो, आज खाणारे अधीर लोक." कीथनी दुसऱ्यांदा वाढून घेत मान डोलावली. "लव्हली," ते म्हणाले. "काही कमी नाही." रोझबाईंनी माझ्यापुढं चुलीत भाजलेला बटाटा, लोणी, चेडर चीज आणि सफरचंदाची चटणी ठेवली. मी आयुष्यात इतक्या चवीनं बटाटा खाल्ला नसेल. गार्गीनंही आपलं ताट डब्यात ओतलं.

"तू खा गं," मी म्हणालो.

"नाही. एक बटाटा मला पण."

रविवारी सकाळी आम्ही टार स्टेप्सला गेलो. नदीवर मोठमोठ्या शिळा नुसत्या एकावर एक ठेवून केलेला जुना पूल, चुना नाही, सिमेंट नाही. पाणी वाढलं की काही शिळा वाहतात आणि लोक त्या पुन्हा शोधून जागेवर ठेवतात. पलीकडं रानात उघड्यावर फिरणारी ठेंगणी घोडी दिसली. जाताना चिखलाचे बूट न्या. गार्गीनं पांढरे बूट नेले होते, ते आता पांढरे नाहीत.

अकराला परत आलो तेव्हा रोझबाईंनी डबे गरम करायला ठेवले होते. मी ताटाच्या कडेला एक घास बाजूला काढला, डोळे मिटून गावच्या मारुतीची, आणि त्या पाखराचीही, आठवण केली. मग खाल्लं. फेजंट आपल्या गावठी कोंबडीच्या जवळचा, पण धागा घट्ट आणि चव जास्त खोल, रानात ओला पाला तुडवल्यावर येते तसली. काळा मसाला त्याला शोभला. हरणाला बोकडासारखा वास नव्हता. किंचित काळजासारखी चव, किंचित गोडसर, आणि इतकं मऊ की मला माझ्या आजवरच्या मटणाची कीव आली.

गार्गीनं रश्शात बोट बुडवून चाटलं.

"बाबा, मीठ कमी आहे."

मी पुन्हा चाखलं. होतं कमी. काल कीथनी तीन वेळा वाढून घेतलं होतं आणि काही कमी नाही म्हणाले होते. इंग्रज माणूस लव्हली म्हणतो, खरं आपली पोरगी सांगते. रोझबाईंनी माझ्यापुढं मिठाचं भांडं सरकवलं, शेजारी तो कोरडा चमचा ठेवला आणि म्हणाल्या, "आता बुडव." निघताना त्यांनी तो मला देऊन टाकला.

घरी आल्यावर मित्र विचारतात त्याची उत्तरं इथंच देतो. कोर्स कितीला पडला ते गार्गीनं सांगितलेलं नाही, मीही तिच्या मागं लागणार नाही, तुम्ही वेबसाइटवर बघा. रानातलं हरीण आणि फेजंट हिवाळ्यात चांगल्या खाटकाकडं आणि शेतकऱ्यांच्या बाजारात मिळतं. रानातलं की पाळलेलं, ते विचारून घ्या. पहिल्यांदा करत असाल तर हरणाच्या मांडीचा रस्सा करा, नेहमीच्या मटणाच्याच मसाल्यात, फक्त तेल थोडं जास्त, आच मंद, आणि तो दुसऱ्या दिवशी खा. मीठ चाखून टाका.

जानेवारीत गार्गीला ॲबर्डीनच्या गाडीत बसवून आलो. तिनं शनिवार पाळायला घेतलेला नाही, आणि तिनं तो घ्यावा असं मलाही वाटत नाही. परवा रविवारी तिनं स्वतः केलेल्या हरणाच्या तुकड्याचा फोटो पाठवला, आत बरोबर गुलाबी. पण शनिवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन येतो, एकदाही चुकलेला नाही. सुनंदा उचलते आणि पहिलं वाक्य मला स्वयंपाकघरातून ऐकू येतं. "हो, आहेत की. आज बाबांचा शनिवार."

मी खिचडी त्या चमच्यानं चाखतो, मीठ बघतो आणि फोन घ्यायला बाहेर येतो.